काताच्या पाण्यातली जाळी

ॲमस्टरडॅम, रविवार

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

फोनवर रोज बोलतो, तरी हे पत्र लिहायला घेतलं आहे. कालचं सगळं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. ताईला सुट्टीच्या दिवशीही काम निघालं, म्हणून तुझी आई आणि मी दोघंच एन्खाउझेनला जाऊन आलो. इथून आगगाडीने तासाभराची वाट. गाडी त्या गावातच संपते. रुळांच्या पुढे पाणीच. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर बंदर, आणि त्यात शिडाच्या जुन्या होड्या एकीला एक लागून उभ्या. आई थोडा वेळ नुसती बघत राहिली, मग म्हणाली, "घराक इल्यासारख्या वाटता."

घाई काहीच नव्हती. बंदराच्या तोंडाशी ड्रॉमेडारिस नावाचा जाडजूड बुरूज आहे, 1540 सालचा. बंदराची राखण करायला बांधलेला. त्याच्या वरच्या घंटांमधून सूर वाजतात, ते ऐकत आम्ही धक्क्यावर बसून डबा खाल्ला. मग गल्ल्यांमधून फिरलो. विटांची अरुंद घरं, काही पुढे झुकलेली, प्रत्येकाच्या दारात फुलं. गावाच्या चिन्हावर तीन हेरिंग मासे आहेत. ज्या मासळीने गाव श्रीमंत केलं, तिलाच त्यांनी मानाची जागा दिली. मला हे फार आवडलं.

या गावाची आणि आपली ओळख मात्र जुनी आहे. आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार ज्या डच ईस्ट इंडिया कंपनीची, तिच्या हॉलंडात सहा शाखा होत्या आणि त्यातली एक इथे. 1625 सालची एक मोठी इमारत आहे, तिचं नावच 'पेपरहाउस', म्हणजे मिऱ्याचं घर. कंपनी तिथे माल साठवायची. मागच्या अंगणात पोफळीवर चढलेली आपली मिरवेल माझ्या डोळ्यांपुढे आली.

आणि कंपनी निघण्याच्याही आधी या गावात वाढलेला एक मुलगा गोव्यात जाऊन राहिला होता. यान हाउखेन फान लिन्सखोटेन. 1583 मध्ये तो गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला आणि पाचेक वर्षं राहिला. काय काय बघितलं ते लिहीत गेला. आंबा, फणस, नारळ, गोव्याचा बाजार, माणसांचे पेहराव, आणि पोर्तुगीज कोणाला कळू देत नव्हते ते समुद्रातले मार्गसुद्धा. परत येऊन 1596 मध्ये त्याने त्याचं पुस्तक काढलं. त्या माहितीच्या आधाराने डच जहाजं पूर्वेकडे निघाली. त्यातून पुढे जे भलंबुरं झालं ते तू शिकला आहेस, त्यात बुरं पुष्कळ आहे. पण विशी ओलांडलेला एक पोरगा परक्या मुलखात बसून फणस कसा दिसतो, कसा लागतो हे नीट लिहून ठेवतो, हे मला विसरता येत नाही. तुझ्याच वयाचा की रे तो.

दुपारी होडीने उघड्यावरच्या संग्रहालयात गेलो. त्याची गोष्ट अशी. या गावापुढे पूर्वी खारा समुद्र होता, झाउडरझे. पुराचा धोका टाळायला डचांनी 1932 मध्ये त्याच्या तोंडाशी 32 किलोमीटरचा बांध घातला. पुरापासून सुटका झाली, पण समुद्राचं गोड्या पाण्याचं तळं झालं. हेरिंग गेली, आणि तिच्यावर जगणाऱ्यांचा धंदाही गेला. तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या गावांतली घरं, दुकानं, चुन्याच्या भट्ट्या इथे आणून त्यांनी अख्खं गाव परत उभं केलं. एके ठिकाणी मासे धुरावर भाजत होते. सोनेरी झालेली एक हेरिंग आम्ही कागदावर घेऊन हातानेच खाल्ली. काटे आपल्या पेडव्यासारखे बारीक. आईने साल अलगद सोलून मला दिली.

पण सांगायचं आहे ते जाळी रंगवायच्या घराचं. आत विटांच्या चुलाणावर मोठी कढई, भिंतीला तांबूस तपकिरी जाळी टांगलेली. तिथल्या बाईंनी एक गडद तपकिरी खडा माझ्या हातावर ठेवला. सुती जाळी कुजू नयेत म्हणून ती याच्या उकळत्या पाण्यात बुडवायचे, असं त्या सांगत होत्या. मी तो नाकाशी नेला. ओंकार, तो कात होता. आपल्या पानातला कात, खैराच्या लाकडाचा. जहाजांतून आशियातून यायचा.

मी तिथेच एका बाकावर बसलो. मी सात-आठ वर्षांचा असताना आबा ऐनाची साल रात्रभर शिजवायचे. पहाटे जाळी त्यात बुडवून पुळणीवर पसरायची. त्यांचे हात कोपरापर्यंत तांबडे व्हायचे आणि दिवसचे दिवस तसेच राहायचे. त्याच हातांनी ते मला भाकरी मोडून द्यायचे. मग नायलॉनची जाळी आली आणि साल शिजवायचं बंद झालं. ती जाळी हलकी, टिकाऊ, आबांनीच ती आधी आणली, त्यात चूक काही नाही. पण चाळीस वर्षांत मी एकदाही त्याविषयी त्यांना काही विचारलं नाही.

येताना त्या जुन्या होड्यांपाशी थांबून आईला मी आपल्या होडीचे भाग सांगायला लागलो. शीड, सुकाणू, वल्ही, उलांडी. उलांडी, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला असतं ते लाकूड, होडीला ज्या दोन आडव्या लाकडांनी बांधतात, त्यांना काय म्हणतात ते मला आठवेना. गाडीत बसेपर्यंत आठवेना. आत्ता लिहितानाही आठवत नाही. रापणकराचा मुलगा मी.

तू आम्ही येईपर्यंत घरीच आहेस, म्हणून सांगतो. आबा दुपारी झोपून उठले की खळ्यात बसतात, तेव्हा त्यांच्याजवळ वही घेऊन बस. पान लावून दे म्हणजे बोलतील. रापणीच्या जाळ्याच्या प्रत्येक भागाचं नाव, वाऱ्यांची नावं, मासळीचे वाटे कोणाला किती आणि का, साल किती, पाणी किती, किती वेळ शिजवायचं, सगळं विचार. ते मालवणीत सांगतील तसंच मालवणीत लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस. फोनवर आवाजही घे. एका दिवशी फार विचारू नको, त्यांना दम लागतो.

साल शिजवायचं मोठं भांडं मागच्या पडवीत लाकडांखाली असेल. भंगारवाला आला तर देऊ नकोस.

आणि त्या आडव्या लाकडांचा शब्द आधी विचार. रात्री फोन करशील तेव्हा मला सांग.

तुझा,
बाबा