हसत नाहीत म्हणून माणूसघाणे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमक्या देशातले लोक प्रेमळ, तमक्या शहरातले माणूसघाणे, असे निकाल प्रवासवर्णनांत सर्रास दिले जातात. पुरावा बहुधा एकच: रस्त्यात अनोळखी माणूस हसला की नाही. पण हसणे आणि अडीनडीला धावून येणे यांची खाती वेगळी आहेत.

धावून येणे मोजता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या एकेका मोठ्या शहरात ते मोजले. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. समोरून एकटा माणूस येत असताना दहा-पंधरा फुटांवर पेन पडू द्यायचे आणि लक्षात न आल्यासारखे चालत राहायचे. पायाला पट्टा बांधून लंगडताना हातातली मासिके सांडायची. काळा चष्मा आणि पांढरी काठी घेऊन चौकात उभे राहायचे. सिग्नल हिरवा झाल्याचे कुणी नुसते सांगितले तरी ती मदत धरायची. रिओ दि जानेरोत ९३ टक्के वेळा मदत मिळाली, क्वालालंपूरमध्ये ४० टक्के. न्यूयॉर्कही तळाशीच होते.

आकड्यांपेक्षा बोलक्या आहेत त्या फसलेल्या चाचण्या. पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पत्राचे पाकीट रस्त्यात टाकून ते कुणी टपालपेटीत टाकतो का, हे पाहायचे होते. तेल अवीवमध्ये बेवारस वस्तू म्हणजे बॉम्बचा संशय. एल साल्वादोरमध्ये अशी पत्रे पेरून गंडा घालणाऱ्यांचीच भीती. मग पाकिटाला हात न लावणारा माणूस रुक्ष ठरतो की शहाणा? सुटे पैसे मागण्याची चाचणी कोलकात्यात अडली, कारण सुटे कुणाकडेच नव्हते. शेवटी या दोन्ही चाचण्या जगभरच्या तुलनेतून वगळाव्या लागल्या.

पाकिटाचा हाच प्रयोग त्याआधी अमेरिकेतल्या शहरांत झाला होता. रॉचेस्टरहून परत आलेल्या एका पाकिटावर ते कुठे, किती वाजता सापडले याचा सविस्तर, आपुलकीचा मजकूर होता. न्यूयॉर्कहून आलेले पाकीट कडेने फाडलेले आणि मागे स्पॅनिशमध्ये सणसणीत शिवी! पत्र मात्र दोघांनीही पोचवले. शिवी हासडून का होईना, त्या न्यूयॉर्ककराने पेटीपर्यंत जाण्याचे कष्ट घेतलेच ना? त्याला माणूसघाणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हसण्याचा अर्थही जागेनुसार पालटतो. विनाकारण हसणे हे मूर्खाचे लक्षण, अशी रशियन भाषेत म्हणच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४ संस्कृतींच्या अभ्यासात, भ्रष्टाचार जास्त असलेल्या समाजांत हसरा चेहरा कमी प्रामाणिक वाटतो, असे दिसले. तिथे पाहुण्याने ओठ फाकवून बोलायला सुरुवात केली की समोरचा आधी खिसा चाचपणार.

नजर चुकवणे म्हणजे तुसडेपणा, हेही खरे नाही. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच हा शिष्टाचार टिपला होता: साधारण आठ फुटांपर्यंत येणाऱ्याकडे पाहायचे आणि मग नजर खाली घ्यायची, समोरून गाडी आली की दिवे डिम करतात तशी. तुम्ही दिसलात, तुमच्यापासून मला धोका नाही, आता तुमच्या वाटेने जा, एवढे सगळे त्यात येते.

अंतराचेही तसेच. ४२ देशांच्या पाहणीत (२०१७) अनोळखी माणसापासून हवेसे वाटणारे अंतर अर्जेंटिनात सरासरी पाऊण मीटर भरले, रोमानियात सव्वा मीटरहून जास्त. म्हणून परक्या गावात पत्ता विचारताना अंतर समोरच्याला ठरवू द्यावे. तो अर्धे पाऊल मागे सरला तर आपण पुढे सरकू नये. नेमकी इथेच गडबड होते. तो आणखी सरतो, उत्तर तोडके देतो आणि आपण घरी येऊन सांगतो, लोक फार तुटक होते हो. कामाचा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारावा. प्रस्तावना लांबली की ऐकणाऱ्याला वाटते, हा काहीतरी विकायला आलाय.

आपला,
एक वाचक