भुकेचा निवाडा

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात उभ्यानेच थंड भाकर आणि ठेचा खात असताना तू मला दिसलीस, तेव्हा म्हणालीस, "बाबा, माझा मनावर ताबाच नाही." वसतिगृहातून सकाळी नुसत्या चहावर निघायचे, दुपारचा डबा अर्धा परत आणायचा आणि रात्री स्वतःलाच खादाड म्हणायचे, हा न्याय मला पटत नाही.

मी इतकी वर्षे मुलांना पचनसंस्था शिकवली, पण फळ्यावर जठराच्या वर मेंदू कधी काढला नाही. ती चूकच झाली. भूक पोटात लागते असे आपण म्हणतो, पण तिचा निवाडा मेंदूच्या तळाशी असलेल्या, बदामाएवढ्या हायपोथॅलॅमसमध्ये होतो. १९५१ साली बी. के. आनंद या भारतीय शास्त्रज्ञाने जॉन ब्रोबेक यांच्यासोबत अमेरिकेत उंदरांच्या हायपोथॅलॅमसचा दोन्ही बाजूंचा लहानसा भाग निकामी केला, तेव्हा समोर अन्न असूनही ते उंदीर खाईनासे झाले. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये प्राध्यापक झाले.

हायपोथॅलॅमसकडे दोन निरोप सतत जात असतात. जठर रिकामे झाले की घ्रेलिन हे संप्रेरक वाढते आणि भूक चेतवते. शरीरातील चरबी लेप्टिन सोडून साठा पुरेसा असल्याचे कळवते. लेप्टिनचा शोध १९९४ चा, घ्रेलिनचा १९९९ चा. खाणे एकदम कमी केले, तर चरबी फारशी घटण्याआधीच लेप्टिन झपाट्याने उतरते, आणि तू वजनासाठी उपाशी आहेस की गावात दुष्काळ पडला आहे, हे मेंदूला कळत नाही. तो अन्न शोधायलाच लावतो. त्यात परीक्षेची जागरणे, म्हणजे भुकेला आणखी जोर.

पोट भरल्याची वर्दी आतड्यातील संप्रेरके आणि पोटाला मेंदूशी जोडणारा व्हेगस मज्जातंतू देतात, पण ती पुरती पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपल्या भंडाऱ्याच्या पंगतीत बुंदी दुसऱ्यांदा फिरेपर्यंत निम्मे लोक पत्रावळीवर हात आडवा धरतात, ते आठव. उभ्याने पाच मिनिटांत खाणाऱ्याला ती सवड कुठली?

शनिवारी शेजारचा मुलगा नागपूरला येतो आहे. त्याच्यासोबत जवसाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे पाठवतो. ते सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वी खायचे आहेत, रात्रीसाठी नव्हेत.

तुझे बाबा