सरावाआधीची 20 मिनिटं : सर्व फुटबॉल खेळाडूंसाठी सूचना

मंडळी, शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की आपण गाडी लावतो, दोन-चार शॉट मारतो आणि थेट खेळायला उतरतो. गेल्या वर्षी आपले तीन जण गुडघा धरून बसले. एक पोरगा अजून लंगडतोय, बघवत नाही.

म्हणून रविवारपासून हजेरी सकाळी 6.10 ला, बॉल 6.30 ला. मधली 20 मिनिटं ‘फिफा इलेव्हन प्लस’, म्हणजे दुखापत टाळण्यासाठी फिफाने आखलेला वॉर्म-अप : 8 मिनिटं हळू धावणं, 10 मिनिटं प्लँक (कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणं), स्क्वॉट (बैठका), एका पायावर तोल आणि उड्या, शेवटची 2 वेगात धावणं. उडीवरून उतरताना गुडघा आत वळू देऊ नका, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. गुडघ्याचं लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) बऱ्याचदा तिथंच जातं. आठवड्यातून निदान दोनदा कराच.

डोक्याला मार लागून गरगरलं किंवा स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही. फायनल असली तरी नाही. उलटी झाली तर तडक दवाखाना.

घोटा मुरगळला तर लगेच चोळू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा.

शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) नसेल त्याला सरावातही घेणार नाही. जादा दोन जोड माझ्याकडे आहेत, हक्काने मागा.