योगायोग किती, पुरावा किती

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. न्यूट्रिनो (जवळपास कशातूनही आरपार जाणारा सूक्ष्म कण) आणि गॅमा किरण (सर्वाधिक ऊर्जेचा प्रकाश) एकाच दिशेने आले म्हणून न्यूट्रिनोचा उगम सापडला, एवढंच त्यात आहे. तुमची शंका रास्त आहे: आकाशात इतकं काही आहे, मग दिशा कुठे ना कुठे जुळणारच. आमचं निम्मं काम ह्याच शंकेचा हिशेब करण्याचं असतं. बातमीतला प्रसंग २२ सप्टेंबर २०१७ चा आहे, तोच धरून लिहिते.

आधी दोन्ही एकत्र का शोधायचे ते. प्रचंड वेगाचा प्रोटॉन प्रकाशावर किंवा वायूवर आदळला की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. विद्युतभार असलेल्या पायॉनपासून न्यूट्रिनो निघतात, भार नसलेल्यापासून गॅमा किरण. गॅमा किरण नुसत्या वेगवान इलेक्ट्रॉनांपासूनही निघू शकतात, पण प्रचंड ऊर्जेचा न्यूट्रिनो म्हणजे तिथे प्रोटॉन होतेच.

न्यूट्रिनो पकडणारा आइसक्यूब दक्षिण ध्रुवावर आहे. गरम पाण्याने बर्फात ८६ भोकं पाडून प्रत्येकात ६० प्रकाशसंवेदक सोडलेत, १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर, एकूण ५,१६०. न्यूट्रिनो स्वतः दिसत नाही. तो बर्फात किंवा खालच्या खडकात धडकून म्युऑन हा विद्युतभार असलेला कण तयार करतो, आणि म्युऑन बर्फातून जाताना निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश टाकतो. कोणत्या संवेदकाला तो किती नॅनोसेकंद आधी किंवा नंतर दिसला, त्यावरून दिशा काढायची. अडचण अशी की वातावरणातले म्युऑन सेकंदाला अडीच-तीन हजार वेळा यंत्रणा वाजवतात. म्हणून क्षितिजाखालून येणाऱ्यांवर जास्त भरवसा. वातावरणातले म्युऑन पृथ्वी अडवते. बर्फही एकसारखा नाही. दोन किलोमीटरच्या आसपास धुळीचा थर आहे, तिथे प्रकाश शोषला जातो आणि विखुरतो. त्याचा नकाशा नीट बसवला नाही तर दिशा सरकते.

त्या दिवशीचा कण क्षितिजाच्या साडेपाच-सहा अंश खालून आला. ऊर्जा साधारण २९० टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे जिनिव्हाच्या एलएचसी ह्या कण आदळवणाऱ्या यंत्रातल्या तेव्हाच्या एका प्रोटॉनच्या सुमारे ४५ पट. ४३ सेकंदांत जगभर सूचना गेली. ही पहिली दिशा झटपट गणिताची असते. सावकाश केलेलं गणित काही तासांनी येतं आणि तेच खरं मानायचं. घाई करून पहिल्या आकड्यावरच दुर्बीण रोखून बसलं, तर रात्र फुकट जाऊ शकते. सुधारित चौकट साधारण एक चौरस अंशाची निघाली. चंद्राची तबकडी जेमतेम पाव चौरस अंश भरेल, त्यामुळे ही चौकट तशी मोठीच. शिवाय कण अवकाशातला असण्याची शक्यता ५६.५ टक्केच होती. उरलेली शक्यता आपल्याच वातावरणातल्या न्यूट्रिनोची.

चौकटीत टीएक्सएस ०५०६+०५६ हा ब्लेझार होता: जिच्यातून निघणारा कणांचा झोत आपल्याकडे रोखलेला आहे अशी दीर्घिका. गॅमा किरण टिपणारा फर्मी उपग्रह दर तीन तासांनी सगळं आकाश पाहतो. त्याच्या नोंदींत हा ब्लेझार तेव्हा नेहमीपेक्षा बराच तेजस्वी होता. कॅनरी बेटांतल्या ला पाल्माच्या मॅजिक ह्या गॅमा दुर्बिणींनी २४ तारखेला पाहिलं तेव्हा हवा चांगली नव्हती आणि काही सापडलं नाही. २८ तारखेपासून सुमारे १३ तास पाहिल्यावर १०० गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचे किरण मिळाले. ह्या दुर्बिणींना काळोखी, निरभ्र रात्रच लागते. म्हणून एका रात्रीत काही दिसलं नाही, तर उगम तिथे नाही असं आम्ही म्हणत नाही.

आता बाबांचा प्रश्न. दादरच्या पुलावर गर्दीत ओळखीचा माणूस भेटला तर नवल किती, हे तुमच्या ओळखी किती आणि तुम्ही किती वेळा त्या पुलावरून गेलात यावर ठरतं. इथे ओळखी म्हणजे फर्मीचे दोन हजारांहून जास्त दीर्घिकास्रोत. आमची नेहमीची रीत अशी: न्यूट्रिनोच्या दिशेचं आकाशातल्या ध्रुवापासूनचं अंतर तसंच ठेवायचं आणि त्याला आकाशात गोल फिरवून कुठेही टाकायचं. डिटेक्टर ध्रुवावरच असल्यामुळे ही फिरवाफिरव चालते. असं असंख्य वेळा करून, इतक्याच तेजस्वी आणि भडकलेल्या स्रोतावर तो कितीदा पडतो ते मोजायचं. उत्तर आलं लाखात सुमारे दोनदा.

पण पुलावरच्या फेऱ्या अजून मोजायच्यात. ह्याआधी दहा सूचना गेल्या होत्या आणि जुन्या नोंदींत त्याच निकषाच्या ४१ घटना होत्या. ५१ वेळा संधी मिळाली, म्हणून ५१ ने गुणायचं: हजारात एक. आमच्या भाषेत हा तीन सिग्मा; सिग्मा जितके जास्त, तितकी निव्वळ योगायोगाची शक्यता कमी. शोध लागला असं म्हणायला पाच लागतात, म्हणजे ३५ लाखांत एक. बातम्या बहुधा गुणण्याआधीचा आकडा उचलतात, आणि मला ते खटकतं.

जुन्या नोंदी चाळल्यावर त्याच दिशेला २०१४-१५ च्या हिवाळ्यात सुमारे १३ जास्तीचे न्यूट्रिनो सापडले. तेव्हा मात्र गॅमा किरणांत भडका नव्हता! २०२२ साली एनजीसी १०६८ ह्या दीर्घिकेकडून ७९ च्या आसपास न्यूट्रिनो दिसले, ४.२ सिग्मा, पण तिथून टेरा इलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण मिळालेले नाहीत. कृष्णविवराजवळच्या दाट प्रकाशात ते गिळले जात असावेत, असा बहुतेकांचा तर्क आहे. म्हणजे जिथे न्यूट्रिनो भरपूर, तिथे गॅमा किरण मंद असू शकतात, आणि आम्ही तर दोन्हींची जुळणी शोधतोय. मला स्वतःला हा घोळ सगळ्यात रंजक वाटतो.

आई, तू विचारलं होतंस आपल्याकडे काय आहे. लडाखमध्ये हानले इथे ४,३०० मीटरवर मेस ही २१ मीटर व्यासाची गॅमा दुर्बीण आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. हा ब्लेझार तिथे क्षितिजापासून ६३ अंशांपर्यंत चढतो. ला पाल्माच्या कितीतरी आधी तिथे रात्र होते, म्हणून पुढची सूचना आपल्या रात्री आली तर पहिली पाळी हानलेची.

तुमची लाडकी,
चिमी