सही आधी, चाचणी नंतर!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की नाशिक परिसरातल्या अंबड, सातपूर, सिन्नरच्या शेडमध्ये हायड्रा क्रेनने नवी सीएनसी (संगणकनियंत्रित) मशिन्स उतरू लागतात. घसाऱ्याची करसवलत पदरात पाडून घ्यायला मशीन ३१ तारखेच्या आत 'वापरात' दिसायला हवे, बँकेलाही कागद हवा असतो. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि सर्व्हिस इंजिनिअरने पुढे केलेल्या कमिशनिंग रिपोर्टवर (मशीन उभारून चालू केल्याच्या अहवालावर) सही होते. बहुतेक व्यवहारांत त्याच सहीने पुरवठादाराची राखून ठेवलेली रक्कमही सुटते. मशीन वापरात आल्याची नोंद वेगळी आणि मशीन स्वीकारल्याची सही वेगळी. हे दोन कागद एक करू नयेत.

पुरवठादाराच्या कारखान्यातली चाचणी म्हणजे चहापाण्याची भेट नव्हे. आपला जॉब (मशीनवर घडवायचा भाग), आपले फिक्स्चर (तो पकडायची चौकट), आपले टूल घेऊन जावे. सलग ५० नग काढून सीएमके (मशीन ठरल्या मापात सातत्याने काम करते का, हे सांगणारा निर्देशांक) १.६७ येतो का ते पाहावे. नुसता 'ओके'चा शिक्का न घेता मोजमापांचे आकडे मागून घ्यावेत. अक्षांची (मशीन ज्या दिशांनी सरकते त्यांची) अचूकता लेझरने मोजली असेल तर आयएसओ २३०-२ या मानकाप्रमाणे प्रत्येक बिंदूवर दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा जाऊन मोजली का, तेही विचारावे. एकाच दिशेचे आकडे दाखवले की बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) झाकला जातो.

तिथे पास झालेले मशीन इथे नापास का होते? पहिला संशय पायाचा. काँक्रीटला २८ दिवस मिळण्याआधीच मशीन ठेवले की लेव्हल हळूहळू सरकते. बेडला पीळ बसतो आणि अक्षांचा काटकोन बिघडतो. म्हणून लेव्हल उभारणीच्या दिवशी घ्यावी आणि काही आठवडे मशीन चालल्यावर पुन्हा घ्यावी. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी स्पिरिट लेव्हल हवी, गवंड्याची चालणार नाही. वाहतुकीसाठी लावलेले लॉक काढल्याशिवाय अक्ष हलवू नये, हे सांगायला नको. तरी सांगावे लागते.

दुसरे कारण आपले ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी मशीनवरून काढताक्षणी मोजलेला ५०० मिमीचा पोलादी जॉब क्वालिटी रूममध्ये दहा अंशांनी थंड झाला की सुमारे ५७ मायक्रॉनने (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांनी) आखडतो. मशीन बिचारे निर्दोष असते आणि भांडण मात्र पुरवठादाराशी! मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. प्रत्येक रिपोर्टवर जॉबचे आणि शेडचे तापमान लिहिले नसेल, तर त्या आकड्यांना अर्थ नाही.

विजेच्या बाजूने ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) पॉवर सर्किट आणि अर्थिंग यांमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स किमान १ मेगओहम यायला हवा. त्याआधी ड्राइव्ह (मोटर चालवणारी इलेक्ट्रॉनिक युनिट्स) आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारे भाग) सोडवून ठेवावेत, नाहीतर चाचणीच महागात पडेल.

एक चाचणी क्वचितच कुणी करते. उभ्या अक्षाखाली डायल गेज (सूक्ष्म सरक मोजणारे घड्याळ) लावून इमर्जन्सी स्टॉप दाबा. मग मेन स्विच बंद करून पुन्हा पाहा. हेड किती मायक्रॉन खाली सरकते त्यावरून ब्रेकची अवस्था कळते. वीज अवेळी जाणे आपल्याकडे नवे नाही, आणि जॉबमध्ये रुतलेले टूल मोडते ते अशाच वेळी.

पॅरामीटर (मशीनच्या सेटिंग्ज) आणि लॅडरचा (नियंत्रण प्रोग्रामचा) बॅकअप त्याच दिवशी स्वतःच्या ताब्यात घ्यावा. बॅटरी संपून मेमरी पुसली गेली की पुरवठादाराच्या मागे धावावे लागते.

आणि पीओ (खरेदी आदेश) देतानाच वॉरंटीचे कलम वाचावे. 'कमिशनिंगपासून १२ महिने किंवा रवानगीपासून १८ महिने, यांपैकी जे आधी' असे त्यात बहुधा असते. शेड तयार नसताना मशीन मागवले आणि ते आठ महिने ताडपत्रीखाली पडून राहिले, तर हाती वॉरंटीचे जेमतेम दहा महिने उरतात.

– एक देखभाल अभियंता, सातपूर, नाशिक