मंत्रीसाहेब, शिकारी म्हातारे होतायत, पण शिकार थांबत नाहीये

माननीय वनमंत्री, गोवा राज्य,

साहेब, नमस्कार. हे पत्र सत्तरी तालुक्यातून लिहितोय. थोडी काजू, थोडं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि आता नावापुरतीच राहिलेली भातशेती असा आमचा कारभार आहे. हल्ली पंचायतीच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात, गाड्यावर चहा पिताना एकच गोष्ट ऐकायला मिळते, की शिकारीची आता काळजी करायची गरज नाही, जुने शिकारी थकले, पोरं पणजी-म्हापसा नाहीतर वेर्णाच्या कंपन्यांत कामाला जातात, त्यांना रानात जायला वेळ कुठाय, अजून एक पिढी जाऊद्या, आपोआप बंद होईल सगळं. ऐकायला बरं वाटतं. सरकारला तर जास्तच बरं वाटत असणार, कारण यात कोणालाच काही करावं लागत नाही, नुसतं थांबायचं. मला ते पटत नाही.

यातलं खरं आहे तेवढं आधी कबूल करतो. आजोबांच्या पिढीत पारध म्हणजे गावाचं काम होतं. ठासणीची बंदूक एखाद्याच घरात, पण हाका घालायला अर्धा वाडा, आणि डुक्कर पडलं की ज्याची गोळी लागली त्याचा वाटा वेगळा, बाकीचे वाटे घरटी, हाक्याला न आलेल्या म्हातारीच्या घरीसुद्धा मटण पोचायचं. त्या माणसांना रान पाठ होतं. चिखलातला खूर बघून भेकर की सांबर, सकाळचं की रात्रीचं, ते सांगायचे. आज माझ्या पुतण्याच्या वयाच्या पोरांना विचारा, भेकराचा आवाज आणि कुत्र्याचं भुंकणं यातला फरक नाही सांगता येणार (खरंतर तो लगेच कळत नाहीच, भल्याभल्यांना फसवतो). लायसनच्या बंदुका घराघरात आहेत त्या इलेक्शन आलं की पोलिस स्टेशनात जमा होतात, इलेक्शन झालं की परत येतात, तेवढाच त्यांचा प्रवास. तेव्हा शिकारी ही जात संपत चालली, मान्य.

पण साहेब, शिकारी संपला म्हणून शिकारीचं गिऱ्हाईक संपलं का? माझं म्हणणं एवढंच आहे की आपण बंदूकवाल्याकडं बघत बसलोय आणि मागणी तिसरीकडूनच येतेय.

मार्च-एप्रिलात हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचा सीझन सुरू झाला की शनिवारी संध्याकाळी खालच्या बाजूच्या गाड्या घाटाच्या पायथ्यापर्यंत येतात. झऱ्यावर पार्टी, मोठा स्पीकर, आणि त्याच्या दोन दिवस आधी कोणाला तरी फोन गेलेला असतो, सावजाचं मटण मिळेल काय. हा फोन करणारा म्हातारा नसतो. तिशीतला असतो, शिकलेला असतो, घरी फ्रिजमध्ये चिकन असतं, भुकेचा काही संबंध नाही. त्याला जे बाजारात मिळत नाही ते मित्रांना खायला घालायचंय आणि वर त्याचा फोटो काढायचाय. आणि पुरवणाऱ्या पोराला खूर ओळखता यायची गरजच उरलेली नाही, कारण त्याला नेम धरायचाच नाहीये, मोटारसायकलची जुनी क्लचवायर घेतली आणि जनावराच्या वाटेवर फास लावून घरी येऊन झोपलं की झालं. नाहीतर गावठी बॉम्ब. आजोबा निदान बघून मारायचे, गाभण मादी दिसली तर सोडायचे, असं ते सांगायचे तरी. फासाला काय दिसतं? डुकरासाठी लावलेल्या फासात कुत्रं सापडतं, भेकर सापडतं, बिबटा सापडतो, तीन दिवस तडफडून मरतो आणि मग आपण पेपरात फोटो बघतो.

म्हणजे कसब गेलं आणि कौर्य वाढलं. पिढी बदलल्याचा हा असा परिणाम झालाय, आणि याला आपण सुधारणा म्हणतोय.

बेडकांचं तर विचारूच नका. जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की रात्री शेतात बॅटऱ्या फिरायला लागतात. ते मोठे पिवळे नर मादीला हाक मारायला म्हणून वर येतात, वर्षातल्या त्याच काही रात्री त्यांच्या, आणि त्याच रात्री ते पोत्यात जातात. आपल्या देशानं बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ साली बंद केली, शेतातली कीड वाढायला लागली तेव्हा अक्कल आली. वन्यजीव कायद्यात बेडूक आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड १ लाखापर्यंत गेलाय. तरीही ‘जंपिंग चिकन’ मिळतं, कसं मिळतं ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. यात कुठल्या पिढीची वाट बघायची सांगा, पकडणारी पोरंच विशीतली आहेत.

आता लोक मला म्हणतात, अरे पण बाहेरच्या देशात बघ, तिथं शिकार कमी होतेय. बघितलं मी. अमेरिकेत सरकारी पाहणीप्रमाणं २०११ साली शिकार करणारे सुमारे १ कोटी ३७ लाख होते, २०१६ साली ते १ कोटी १५ लाखांवर आले. कारणं साधी आहेत, लोक शहरात गेले, जमिनीला कुंपणं पडली, बापानं मुलाला न्यायचं बंद केलं, की ती साखळी तुटते. पण त्यावर तिकडच्या सरकारांनी काय केलं ते कोणी सांगत नाही. ती घाबरली! कारण तिथं राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा मोठा पैसा शिकारीच्या लायसनमधून येतो आणि बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्समधून येतो, १९३७ सालचा कायदाच आहे तसा. शिकारी कमी झाले की हरणं-पक्षी सांभाळायचे पैसे कमी होतात, म्हणून तिकडं नवीन शिकारी तयार करायच्या मोहिमा काढाव्या लागल्या, पोरांना, बायकांना शिकवायचं, परत बोलवायचं. आणि जर्मनीत तर उलटंच झालंय. तिथं शिकारीची अवघड परीक्षा द्यावी लागते तरी लायसनवाले वाढत वाढत ४ लाखांच्या वर गेलेत, शहरातले लोक येतायत, बायका येतायत, म्हणतात आम्हाला आमचं मटण कुठून आलं ते माहीत असलेलं हवं. तेव्हा पिढी बदलली की आवड मरते असा काही निसर्गाचा नियम नाही. ती मरते, रूप बदलते, किंवा कोणीतरी पैसे लावून तिला परत उभी करतं.

आपल्याकडं त्या वादात पडायचं कारण नाही, कारण १९७२ च्या कायद्यानं शिकार बंदच आहे आणि आपलं खातं काही शिकाऱ्यांच्या पैशावर चालत नाही. म्हणजे शिकार कमी झाली तर आपलं काहीच बुडत नाही. मग आपण एवढे निवांत का?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त जवळची आहे. काही मागणी आवडीची नसते, चिडीची असते. एका रात्रीत डुकरांनी सुरण-कणगीचा मळा नांगरून ठेवला, माकडांनी कोवळे नारळ खाली पाडले, गव्यांनी काजूची रोपं मोडली, की सकाळी तिथं उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा शिकार बरी की वाईट. तो विशीतला असू दे नाहीतर सत्तरीतला, उत्तर एकच येईल. गवा आपला राज्यप्राणी आहे ते त्याला माहीत आहे, पण ते रोपांना माहीत नाही. २०१६ साली आपल्याच सरकारात उपद्रवी प्राण्यांच्या यादीची चर्चा झाली होती, त्यात मोरसुद्धा आला, देशभर हसं झालं आणि विषय बारगळला. हसणारे हसले, पण डुक्कर तिथंच राहिलं. आणि आता तर शेतं पडीक पडतायत, पडीक शेतात झुडुपं वाढतात, झुडुपात डुकरं वाढतात, मग शेजारी जो एकटा शेती करतोय त्याच्यावर सगळा भार. ही मागणी पिढीगणिक कमी होणार नाहीये साहेब, ती वाढणार आहे, कारण शेती करणारे कमी होतील तसा प्रत्येकाचा राग जास्त होईल. पेडण्यात २०२५ ला तिळारीकडून हत्ती उतरला तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनाही कळलं असेल आम्ही काय बोलतो ते.

या रागाचं टोक आपण बघितलंय. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत म्हादईच्या अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषानं. गुरं मारली म्हणून मेलेल्या गुरावर विष घातल्याचं तपासात पुढं आलं. त्याआधी केरीत २००९ ला वाघ मारला गेला होताच. आता लक्षात घ्या, हा तोच सत्तरी तालुका आहे जिथं लोक वाघाला देव मानतात, वाघ्रोची पूजा करतात, देवाच्या राईतली काडी उचलत नाहीत. तिथं हे घडलं. ते करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी, त्यात मला काही बोलायचं नाही. पण ज्याचं जनावर गेलं त्याला महिन्याभरात पैसे मिळतात अशी खात्री असती तर विषाची बाटली उघडली असती का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. भरपाईचा अर्ज करायचा, पंचनाम्याला माणूस यायची वाट बघायची, तोवर मेलेलं जनावर राखायचं, सातबारा नाही, इथला जमिनीचा उतारा म्हणजे एक-चौदा आणा, त्यावर नाव आजोबांचं, आजोबा वारलेले, वारस पंधरा, त्यातले चार मुंबईला. सत्तरीत जमिनीच्या मालकीचा घोळ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. अर्धे लोक अर्जच करत नाहीत.

म्हादईचा व्याघ्र प्रकल्प करा असं हायकोर्टानं २०२३ च्या जुलैत सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, त्यावर मी इथं काही लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. प्रकल्प होवो न होवो, फास आणि विष आजही रानात आहे.

तर मागणं काय. एक तर भरपाई पिकाच्या हंगामातच मिळूदे, आणि एक-चौदावर नाव नसलं तरी जो कसतो त्याला मिळूदे, पंचायतीचा दाखला धरा, तलाठ्याला बरोबर घ्या, काहीही करा. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी लेखी परवानगीची वाट कायद्यात आहे, ती कोणाला, कधी, किती दिवसांत मिळते हे मराठी-कोकणीत छापून प्रत्येक पंचायतीच्या बोर्डावर लावा. केरळनं २०२२ ला रानडुकरांबाबत हे अधिकार पंचायतीच्या पातळीवर नेले, तसंच करा असं मी म्हणत नाही, मला आमच्या पंचायतीची भीतीच वाटते, पण निदान वाट मोकळी दिसूदे, म्हणजे माणूस वायरकडं वळणार नाही.

आणि धाडी घालायच्या तर शेतात बॅटरी घेतलेल्या पोराच्या मागं पळण्यापेक्षा स्वयंपाकघरात घाला. जूनमध्ये ज्या हॉटेलात बेडूक सापडेल त्याचं लायसन त्या सीझनपुरतं तरी बंद करा, एकाचं केलंत तरी बाकीचे ऐकतील. सावजाच्या मटणाचे फोटो टाकणाऱ्यांवर एक तरी केस उभी राहूदे. गिऱ्हाईकाला आजवर हात लागलेला मला तरी आठवत नाही, सापडतो तो फास लावणाराच.

एक शेवटचं, हे खात्यातल्या काही लोकांना आवडणार नाही. जे जुने शिकारी अजून हिंडते-फिरते आहेत त्यांना कामाला घ्या. रोजंदारीवर का असेना. फास कुठं लावतात, कुठली वाट पाण्याकडं जाते, कुठल्या कोंडीत जनावर अडतं हे त्यांना जितकं कळतं तितकं नवीन भरती झालेल्या गार्डला दहा वर्षांत कळणार नाही. कॅमेरे कुठं बांधायचे ते त्यांना विचारा. आमच्या वाड्यावरचा एक म्हातारा आजही पावसाळ्यानंतर रानात जाऊन वायरी काढून आणतो, त्याला कोणी सांगितलेलं नाही, पगार नाही, उलट वायर हातात घेऊन येताना कोणी बघितलं तर आपल्यालाच धरतील म्हणून पिशवीत लपवून आणतो. अशांना एक ओळखपत्र द्या. त्यांच्याजवळचं रानाचं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं तर शिकार थांबणार नाहीये, फक्त फास शोधणारं कोणी उरणार नाही.

पत्र लांबलं. उत्तर कोकणीत दिलंत तरी चालेल, फक्त पावसाच्या आधी द्या.

आपला,
सत्तरीतला एक बागायतदार