जिव्हाळी न दुखावता नखं कापायला शिकवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार. पोपटाची नखं कापायची म्हटलं की सगळ्यांचं लक्ष नेलकटरकडे जातं. तुम्ही आधी छातीकडे पाहायला लावलंत. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते. म्हणून टॉवेल सैल, अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या दोन बाजूंना, छातीवर जराही दाब नाही. चोच उघडून धापा टाकू लागला की लगेच सोडायचा, उरलेली नखं उद्या. आमचे निम्मे आभार एवढ्याचसाठी.

मग जिव्हाळी, म्हणजे नखातला रक्त असलेला जिवंत भाग. फिकट नखात ती गुलाबी दिसते, तिच्या दोनेक मिलिमीटर अलीकडे थांबता येतं. काळ्या नखात काहीच दिसत नाही. तिथे टोकाचा अर्धा-एक मिलिमीटर काढला की पुरे. नख फारच वाढलं असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं. जिव्हाळीही हळूहळू मागे सरते. बजरीगरसारख्या छोट्या पोपटाला आपला लहान नेलकटर चालतो. मोठ्या पोपटाचं जाड नख बोथट पात्याने चिरडतं, त्याला कानस बरी. आणि नुसता पाय नव्हे, ज्या बोटाचं नख कापायचं तेच बोट धरायचं, नाहीतर हिसक्यात पिळवटतं.

रक्ताचा हिशेब तर डोळे उघडणारा होता. 30 ग्रॅमच्या बजरीगरच्या अंगात रक्त जेमतेम 3 मिलिलिटर! म्हणून रक्त थांबवणाऱ्या स्टिप्टिक पावडरचं झाकण सुरुवातीलाच उघडं ठेवायचं. रक्त आलं तर नखाच्या टोकावर पावडर मिनिटभर दाबून धरायची. पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर. स्टिप्टिक कातडीच्या जखमेवर मात्र नाही, ती भाजते. दहा मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना. हे काम सकाळी करायचं, कारण रात्री झाकलेल्या पिंजऱ्यात पुन्हा सुरू झालेलं रक्त कुणाला दिसणार?

नखं वाढतातच का, हेही तुम्ही विचारायला लावलंत. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या हे नेहमीचं कारण. वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या लावा म्हणालात. खरखरीत दांडी एकच, तीही झोपायच्या जागी नको. दांडीवर चढवायच्या सँडपेपरच्या नळ्यांनी नखं झिजण्याआधी तळवे सोलतात, तरी त्या सर्रास विकल्या जातात! आणि सगळं नीट असूनही नखं भराभर वाढू लागली तर कापत बसू नका, यकृत तपासून घ्या, हे तुम्ही बजावलंत.

आपले,
घरी पक्षी सांभाळणारे आम्ही सगळे